मागच्याचं उत्तर पुढच्याला

(पडद्यावर: चॅटजीपीटीची डावीकडची पट्टी, जुन्या संभाषणांची शीर्षकं.)

२० मार्च २०२३, सोमवार. चॅटजीपीटी उघडल्यावर काही जणांना भलतीच शीर्षकं दिसू लागली. कधी विचारलेच नाहीत असे प्रश्न, कुणा दुसऱ्याचे. ओपनएआयनं सेवा बंद केली. पुढे कंपनीनं सांगितलं की नऊ तासांच्या त्या काळात सक्रिय असलेल्या प्लस (म्हणजे पैसे भरणाऱ्या) सदस्यांपैकी १.२ टक्के लोकांचं नाव, ईमेल, बिलाचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे परक्या माणसाला दिसले असू शकतात.

घुसखोरी वगैरे काही नव्हती. नडली ती रेडिस-पाय या पायथन लायब्ररीतली एक चूक. रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवून झटपट देणारा साठा; पायथनमधला प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतो तो या लायब्ररीतून.

(आकृती: एक कनेक्शन. आज्ञा जातात, उत्तरं येतात.)

रेडिसचा हिशेब सरळ आहे. उत्तरावर ना कुणाचं नाव, ना नंबर. पहिल्या आज्ञेला पहिलं उत्तर, दुसरीला दुसरं. शिवाय दर वेळी नवं कनेक्शन उघडणं महागात पडतं, म्हणून जुनीच फिरवून वापरतात.

आता आज्ञा गेली, आणि उत्तर यायच्या आत रिक्वेस्ट कॅन्सल झाली. वाट बघणारा टास्क (प्रोग्रॅममधलं ते एक काम) संपला; उत्तर मात्र निघालेलं आहे. ते येतं आणि कनेक्शनवरच पडून राहतं. पुढचा कुणी तेच कनेक्शन उचलतो, आपलं काहीतरी मागतो, आणि मागच्याचं उत्तर त्याच्या पदरात पडतं. बहुतेक वेळा डेटाचा प्रकार जुळत नाही आणि एरर येते. ती आली तर नशीबच म्हणायचं. प्रकार जुळला, तर कुणालाच पत्ता लागत नाही. त्या सोमवारी सर्व्हरमधल्या एका बदलामुळे कॅन्सल होणाऱ्या रिक्वेस्ट एकदम वाढल्या होत्या.

(पडद्यावर: टेस्टचा कोड.)

साधी टेस्ट इथे फसते. टास्क कॅन्सल करायचा, कॅन्सल्डएरर (कॅन्सल झाल्यावर पायथन देतं ती एरर) आली का बघायचं, आली की टेस्ट पास. पण कॅन्सल झालेल्याला विचारून उपयोग काय? विचारायचं त्याच्या मागून येणाऱ्याला.

रेडिस-पायच्या टेस्टमध्ये आता नेमकं तेच आहे. क्लायंट आणि रेडिसच्या मध्ये मुद्दाम रेंगाळणारा एक प्रॉक्सी बसवलाय. 'फू' या किल्लीत 'फू' ठेवलंय, 'बार'मध्ये 'बार'. 'फू' मागायचं, आज्ञा पुढे गेली की लगेच टास्क कॅन्सल करायचा. मग त्याच क्लायंटकडे 'बार' मागायचं. हातात 'फू' आलं की चोर सापडला.

ही विलंबाची युक्ती महत्त्वाची. स्वतःच्या मशीनवर उत्तर इतक्या झटकन येतं की कॅन्सल करायला फटच मिळत नाही. आणि एकाच जागी कॅन्सल करूनही भागत नाही. जिथे जिथे 'अवेट' आहे, म्हणजे कोड उत्तराची वाट बघत थांबतो, तिथे तिथे टास्क मारून बघावा लागतो. रेडिस-पायची पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि सीव्हीई-२०२३-२८८५८ या सुरक्षा-त्रुटीच्या नोंदीपाठोपाठ २८८५९ ही दुसरी नोंदवावी लागली.

एररचा आणखी एक सापळा पायथनमध्येच आहे. ३.८ आवृत्तीपासून कॅन्सल्डएरर ही 'एक्सेप्शन'ची वारस नाही, 'बेसएक्सेप्शन'ची आहे. त्यामुळे आवराआवर 'एक्सेप्ट एक्सेप्शन'खाली (म्हणजे फक्त 'एक्सेप्शन' आणि तिच्या वारसांना पकडणाऱ्या भागात) लिहिली असेल, तर कॅन्सल झाल्यावर ती चालतच नाही. ती 'फायनली'त हवी, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात. आणि उत्तर अर्धवट राहिलेलं कनेक्शन? ते पुन्हा वापरायच्या कनेक्शनांत टाकायचं नाही, तोडायचं.