अठरा वर्षांनंतरचं पालकत्व, आणि त्याआधीचा एक अर्ज

कार्यक्रमपत्रिकेवर विषय स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचा आहे. तिथे येतेच. पण आधी शाळेला द्यायच्या अर्जाबद्दल बोलू द्या. कारण पुढे पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जी फाइल ठेवायची, ती पहिलीपासूनच जमवावी लागते.

‘माझ्या स्वमग्न पाल्यास समजून घ्यावे, ही नम्र विनंती.’ असे अर्ज शाळाशाळांत पडून आहेत. बाईंना समजून घ्यायचंच असतं हो! पण भरल्या वर्गात ऐन वेळी नेमकं काय करायचं, ते अर्जात नसतं. म्हणून सोबत एक पान जोडा. एकच, दुसरं पान कुणी उलटत नाही.

त्यावर निदान एका ओळीत संपवा आणि कामाचं लिहा. घंटेच्या आवाजाने मूल कान झाकून बाकाखाली जातं? मग लिहा: ‘घंटेआधी दोन मिनिटं कानावर हेडफोन चढवायला सांगावं, ते दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत.’ सूचना एका वेळी एकच द्यावी आणि मनात दहा आकडे मोजावेत. इथे नेहमी गडबड होते. मूल गप्प राहिलं की मोठी माणसं तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात, आणि पहिल्या वाक्याचा अर्थ लागत असतानाच त्याला दुसरं वाक्य सोडवायला घ्यावं लागतं. पुन्हा सांगायचंच तर त्याच शब्दांत सांगा. खेळाचा तास रद्द झाला तर नुसतं तोंडी सांगून भागत नाही. चित्रांच्या वेळापत्रकातलं ते चित्र काढून त्या जागी पुढे काय होणार, त्याचं लावावं लागतं. मेल्टडाउन झाला, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटला, तर बोलणं कमी, भोवतीची माणसं कमी. ‘माझ्याकडे बघ’ म्हणू नये. आणि हात फडफडवणं थांबवायला जाऊ नये. मूल त्यातूनच स्वतःला सावरत असतं. त्याला शिक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं.

अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. ‘आम्हाला सगळी मुलं सारखी’ असं उत्तर आलं तर दिव्यांग हक्क कायदा, 2016 याचं कलम 16 दाखवा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्यायच्या आहेत. ती मेहेरबानी नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं सांगायलाच हवं. त्यासाठी स्वमग्नता ज्या चाचणीने मोजतात, त्या भारतीय स्वमग्नता मापनश्रेणीत (ISAA) 40 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. तपासणीच्या दिवशी आया मुलाला नीट बसवतात, चारचौघांत बोलायला लावतात, ‘आता पुष्कळ सुधारलाय’ म्हणतात. जिवाच्या ओढीनेच म्हणतात! पण गुण रोजच्या वागण्याला द्यायचे असतात, आणि दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली गेलं की बऱ्याच सवलती हातच्या जातात. आदल्या पंधरवड्याची टिपणं न्या: झोप किती, जेवणात काय काय चालत नाही, अंघोळीला किती मदत लागते. घरातले दोन छोटे व्हिडिओही न्या.

चिठ्ठी आली, वेळ संपत आलीये. मूळ विषय भराभर सांगते.

अठरा पूर्ण झाली की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. मग बँकेत किंवा मालमत्तेच्या कागदांवर तुमची सही चालेलच असं नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 याच्या कलम 14 खाली कायदेशीर पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा. समितीत जिल्हाधिकारी असतात. वयाचा पुरावा आणि प्रमाणपत्र आधीच तयार ठेवा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. कुठले निर्णय मूल स्वतः घेईल आणि कुठल्यांसाठी पालक लागेल, तेही ठरवा: थोड्या मदतीने स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या मुलावर कायदेशीर पालक सरसकट नेमू नका, त्याचा सहीचा हक्क त्याच्याकडेच राहू द्या.

भावंडाला पुढचा पालक करायचं मनात असेल तर आधी त्याला विचारा, गृहीत धरू नका. मृत्युपत्रात या मुलाचा वाटा नुसता त्याच्या नावे टाकण्याआधी खासगी न्यासाबद्दल, म्हणजे त्याच्यासाठी मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टबद्दल, वकिलाशी बोला. आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. ज्यांचं राहिलंय त्यांनी या आठवड्यात करून टाका. अर्जाच्या पानाचे नमुने बाहेर टेबलावर ठेवलेत.