पेट्रोलचा काटा भलतंच दाखवतोय? मीटर बदलण्याआधी टाकीची अर्थिंग तपासा

नमस्कार! आजचा विषय जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा. टाकी काठोकाठ भरून आणली तरी काटा तळाला पडलेला, किंवा गाडी पेट्रोल संपून आचके द्यायला लागली तरी काटा आपला अर्ध्यावरच. अशा वेळी बरेच जण पहिल्यांदा डॅशबोर्ड खोलतात, नवा मीटर आणून बसवतात, आणि तो नवा काटाही जुन्यासारखाच वागतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, मीटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. जुन्या गाडीत दोष बहुधा मागे, टाकीजवळ निघतो, आणि त्यातही अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट टाकीतून गाडीच्या बॉडीत परत जायच्या जोडणीत. तो शोधायला टाकी उघडावीही लागत नाही.

(टेबलावरचा सुटा फ्लोट हातात घेऊन, कॅमेरा जवळ)

हा बघा टँक युनिट, म्हणजे आपला फ्लोट. खाली हा तरंगणारा डबा, ही त्याची दांडी, आणि वर या छोट्या पेटीत बारीक तारेचं वेटोळं. पेट्रोलची पातळी बदलली की डबा वर-खाली होतो आणि दांडीला जोडलेली ही पितळी पट्टी वेटोळ्यावरून सरकते. जुन्या रेडिओचा आवाजाचा खटका फिरवला की आत जे होतं, तेच इथे होतं. रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, बदलतो (तो ओहममध्ये मोजतात), त्यामुळे करंट बदलतो आणि काटा हलतो.

आता करंटचा रस्ता बघा. बॅटरीकडून इग्निशन स्विच, मग फ्यूज, मग मीटर, तिथून एक लांब वायर मागे टाकीपर्यंत, मग हा फ्लोट, फ्लोटमधून टाकीच्या पत्र्यात आणि पत्र्यातून गाडीच्या बॉडीत. या शेवटच्या टप्प्यावर थांबा. टाकी बॉडीला कशी बसवलेली असते? पट्ट्यांनी, आणि मध्ये रबर. फ्लोटच्या खाली गॅसकेट, तेही रबराचं किंवा कॉर्कचं. टाकीला बाहेरून रंग, त्यावर वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज. करंटला परत यायला उरतात ते दोन-चार स्क्रू. ते गंजले की रस्ता अरुंद झाला. पूर्ण तुटला तर निदान लगेच समजतं. पण अर्धवट अर्थ असेल तर काटा चालतो आणि चुकीचं दाखवतो. माणूस फसतो तो इथेच.

आकड्यांत सांगतो. सगळ्या गाड्यांचे फ्लोट एकसारखे नसतात. जुन्या फोर्ड गाड्यांमध्ये टाकी रिकामी असताना साधारण 73 ओहम आणि भरल्यावर 10 ओहम. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये बरोबर उलटं, रिकामी असताना 0 आणि भरल्यावर 90. युरोपातल्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या मीटरचं एक नेहमीचं माप 10 ते 180, त्यातही 10 म्हणजे रिकामी. समजा गंजामुळे अर्थिंगमध्ये 10 ओहम जास्तीचे आले. पहिल्या प्रकारात टाकी भरली तरी मीटरला 20 ओहम दिसणार, म्हणजे काटा फुलपर्यंत जाणारच नाही. चिडचिड होईल, पण गाडी रस्त्यात बंद पडणार नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र टाकी कोरडी झाली तरी मीटरला 10 ओहम दिसणार, म्हणजे थोडं पेट्रोल शिल्लक आहे असं काटा सांगत राहणार. तेव्हा आपल्या गाडीचा प्रकार कोणता, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. त्याशिवाय पुढच्या कुठल्याच मापाला अर्थ नाही.

चला, तपासायला घेऊ. पण कामाला लागण्याआधी एक सांगतो आणि ते मनापासून ऐका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करा, खड्ड्यावर गाडी घेऊन कधीच नाही. जवळ शेगडी, हीटर, उघडा बल्ब नको. अग्निशामक हाताशी हवा. आणि टाकीजवळची कुठलीही जोडणी इग्निशन बंद ठेवूनच करायची, चावी नंतर फिरवायची, म्हणजे ठिणगी पडायचा प्रश्नच येत नाही.

आधी गाडीत बसून काट्याकडे नुसतं पाहा. तापमानाचा काटाही त्याच वेळी बिघडलाय का? दोन्ही काटे एकदम पडलेत, किंवा दोन्ही नेहमीपेक्षा वर जातात, तर टाकीकडे जाऊच नका. त्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो. फक्त पेट्रोलचाच काटा चुकतोय, तर मागे चला.

(गाडीच्या मागे, टाकीजवळ)

फ्लोटवरच्या टर्मिनलवरून वायर काढा. ती कशालाही टेकणार नाही अशी धरून ठेवा, इग्निशन चालू करा आणि काटा कुठे जातो ते कुणालातरी बघायला सांगा. इग्निशन बंद. आता तीच वायर एका जम्परने, म्हणजे सुट्या जोडतारेने, बॉडीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी जोडा. पुन्हा इग्निशन चालू. काटा आधी एका टोकाला गेला होता, तर आता दुसऱ्या टोकाला जायला हवा. फोर्डसारख्या प्रकारात वायर सुटी असताना रिकामं आणि अर्थला लावल्यावर फुल, दुसऱ्या प्रकारात त्याच्या उलट. काही मीटरचा काटा आतली तार तापल्यावर सावकाश चढतो, त्याला अर्धा-एक मिनिट द्या. पण अर्थला लावून फार वेळ ठेवू नका, आतली तापणारी तार जास्त गरम होते. मी तर मध्ये 10 ओहमचा रेझिस्टर घालूनच ही चाचणी करतो.

काटा दोन्ही टोकांना नीट गेला? मग मीटर चांगला, फ्यूज चांगला, पुढून मागे आलेली ती अख्खी वायरही चांगली. डॅशबोर्ड खोलायचं कारणच संपलं. राहिला फ्लोट आणि त्याची अर्थिंग.

यातली अर्थिंग कशी पकडायची ते बघा, ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे. वायर काढलेलीच ठेवा, इग्निशन बंद. मल्टिमीटर ओहमवर. एक प्रोब फ्लोटच्या टर्मिनलवर, दुसरा फ्लोटच्याच पत्र्याच्या चकतीवर. समजा 40 आलं. आता दुसरा प्रोब उचलून बॉडीवरच्या स्वच्छ बोल्टवर ठेवा. तिथे 55 आलं, तर मधले 15 ओहम टाकी आणि बॉडीच्या मध्ये अडकलेत. फ्लोट बिचारा बरोबर सांगतोय! चकतीच्या एका स्क्रूपासून चॅसिसपर्यंत एक जाड वायर टाका, दोन्हीकडचा गंज घासून, रिंग टर्मिनल लावून. बरेचसे काटे एवढ्यावरच सुधारतात. टाकी नुकतीच रंगवून किंवा पावडर कोट करून घेतली असेल तर ही वायर टाकाच, आधी चाचणी केली नाही तरी चालेल.

दोन्ही ठिकाणी एकच आकडा आला आणि तो टाकीतल्या पेट्रोलशी जुळत नसेल, तेव्हा फ्लोट बाहेर काढायचा. टाकी शक्य तितकी रिकामी करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. फ्लोट गोल लॉक रिंगने बसवलेला असेल तर ती रिंग पितळी पहार किंवा लाकडी ठोकळा लावून फिरवा, लोखंडी छिन्नी नको. त्याआधी भोवतालची माती ब्रशने साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत जाईल. बाहेर काढताना दांडी तिरकी करत, हळूहळू. ती वाकली तर नवीच चूक तयार होते.

(टेबलावर)

डबा कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळतंय? मग पितळी डब्याला बारीक छिद्र पडलंय, तो बुडतोय आणि काटा नेहमी कमी दाखवतोय. छिद्र शोधायचं तर डबा गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. पण आत पेट्रोल असलेल्या डब्याला डाग द्यायला जाऊ नका, तो फुटू शकतो. नवा डबा मिळत असेल तर तोच घ्या. मग मल्टिमीटर लावून दांडी अगदी सावकाश खालून वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच गायब झाला, तर तिथे तार झिजलीय. गाडी चालवताना अर्ध्या टाकीला काटा अचानक पडून पुन्हा उठतो, तो यामुळेच. नुसती काळी पुटं चढली असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडी बऱ्याचदा वर-खाली केली की काम होतं. तार झिजली असेल तर युनिट बदलायचं. नवं घेताना ओहमचं माप तपासून घ्या. 0 ते 90च्या मीटरला 73 ते 10चा फ्लोट बसवला तर काटा उलटाच चालेल.

आता ते दोन्ही काटे एकदम बिघडण्याचं. सावकाश चालणारे मीटर असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती बॅटरीच्या व्होल्टेजचे सरासरी 10 व्होल्ट करते ब्रिटिश स्मिथ्स मीटरसाठी, फोर्डमध्ये साधारण 5. आतला संपर्क सारखा लागतो-सुटतो, त्यामुळे तिच्या आउटपुटवर टेस्ट लॅम्प लुकलुकला तर डबी चालू आहे. सतत लागलेला राहिला तर दोन्ही काटे वर, अजिबात नाही लागला तर दोन्ही मेलेले. या डबीलाही बॉडीची अर्थ लागते. म्हणून क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डमधला मीटरांचा संच, बाहेर काढून लोंबकळत ठेवून इग्निशन चालू करू नका. अर्थ नसली की डबी पूर्ण 12 व्होल्ट सोडते आणि चांगले मीटर जळतात. क्लस्टरमागच्या प्रिंटेड सर्किटच्या तांब्याच्या पट्ट्या आणि सैल झालेले नट तपासायचे तेही याच वेळी.

सगळं नीट निघालं की फ्लोट परत बसवायचा, गॅसकेट नवीनच. मग सुरुवातीला थोडंच पेट्रोल घाला आणि पाच-पाच लिटर वाढवत काटा कुठे जातो ते कागदावर टिपा. टाकीचा आकार वेडावाकडा असला तर वरचा अर्धा भाग हळू आणि खालचा भरभर उतरेल, तो बिघाड नाही. शेवटी टाकी पूर्ण भरा आणि गॅसकेटभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता पेट्रोल उतरवा आणि गॅसकेट पुन्हा बसवा.