सहीचा एक कागद : संत जॉन बॉस्को आणि तुरिनची कामकरी मुले

मित्रहो,

संत जॉन बॉस्को यांच्या चरित्रात स्वप्ने आहेत, चमत्कार आहेत, संकटात धावून येणारा एक करडा कुत्राही आहे, आणि माटुंग्याच्या त्यांच्या चर्चमध्ये येणाऱ्या भाविकांनी या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या असतात. आज मला मात्र त्यांनी सही केलेल्या एका कागदाविषयी बोलायचे आहे. फेब्रुवारी 1852 मधला, इटलीतल्या तुरिन शहरात मुद्रांकाच्या कागदावर केलेला हा करार आहे. एका बाजूला बर्तोलिनो नावाचा सुतार, दुसऱ्या बाजूला त्याच्याकडे काम शिकायला राहणारा मुलगा आणि त्याचे वडील, आणि या दोहोंमध्ये जबाबदारी घेणारा धर्मगुरू.

हा धर्मगुरू त्या कागदापर्यंत कसा पोहोचला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बॉस्को यांचा जन्म 1815 मध्ये तुरिनजवळच्या एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. वडील गेले तेव्हा त्यांना दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आई मार्गारेता हिने घर सांभाळले. मुलाला मात्र शिक्षणासाठी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राबावे लागले आणि पुढे किएरी गावी शिकत असताना शिंपीकाम, सुतारकाम अशी मिळेल ती कामे करून पोट भरावे लागले. गरिबाच्या मुलाचे दिवस त्यांनी पुस्तकातून जाणून घेतले नव्हते. 1841 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांचे मार्गदर्शक फादर काफास्सो त्यांना तुरिनच्या तुरुंगांत घेऊन गेले. तिथे त्यांना धडधाकट, हुशार, बारा ते अठरा वर्षांची मुले कोठडीत दिसली. त्यांतली पुष्कळशी सुटून पुन्हा आत येत होती, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. तुरुंगात येण्याआधीच कोणीतरी या मुलांना भेटले असते तर, हा प्रश्न बॉस्को यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही.

त्या काळचे तुरिन वाढत होते. आसपासच्या डोंगराळ मुलखातून मुले हंगामी कामाला येत, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहत, धुराडी साफ करत आणि मिळेल तिथे झोपत. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्या माणसांची मुंबई ज्यांच्या घरात सांगितली गेली आहे, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की या मुलांबरोबर गाववालेही नसत. रविवारी बॉस्को त्यांना एकत्र जमवत, प्रार्थना आणि खेळ होत, अक्षरओळख करून दिली जाई. गोंगाटामुळे त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हाकलले जाई. अखेर 1846 च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड भाड्याने मिळाली. त्याच वर्षी आई गाव सोडून मुलाबरोबर राहायला आली. पहिल्यांदा रात्री निवाऱ्याला घेतलेली मुले पांघरुणे घेऊन पळाली, तरी दार बंद झाले नाही. त्या माउलीने आपले भाजीचे वाफे तुडवणाऱ्या पोरांसाठी मरेपर्यंत, म्हणजे 1856 पर्यंत, स्वयंपाक केला आणि त्यांचे फाटके कपडे शिवले. माझ्या मते या कार्याचे निम्मे श्रेय तिचे आहे.

आता करार. बॉस्को आठवड्यातल्या कामाच्या दिवशी बांधकामांवर आणि कारखान्यांत जाऊन आपली मुले पाहत, आणि मालक त्यांना कसे वागवतात ते त्यांच्या डोळ्यांना दिसे. म्हणून त्या कागदावर कलमे आली: चुकले तर मुलाला शब्दांनीच समजवायचे, हात उगारायचा नाही, त्याच्या वयाला न झेपणारे काम द्यायचे नाही, सणावारी आणि रविवारी त्याला मोकळे सोडायचे. मुलाने वागणूक नीट ठेवावी, हेही त्यात होते. मुलाला अंगभूत हक्क आहेत आणि ते मालकाच्या दयेवर सोडायचे नसतात, हे या कागदात स्पष्ट दिसते, म्हणून मला तो त्यांच्या कोणत्याही चमत्काराहून मोठा वाटतो.

हा काळ लक्षात घ्या. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 मध्ये आला आणि त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली. त्यावरच्या, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तास राबवण्याची मुभा राहिलीच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे, 1890 मध्ये. बॉस्को यांना कामगार पुढारी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांना मुलांच्या आत्म्याची काळजी होती आणि ते तसे उघडपणे म्हणत. पण भुकेल्या, मार खाल्लेल्या मुलाला धर्म सांगता येत नाही, हे त्यांनी आपल्या कृतीने मान्य केले होते.

बाहेरच्या कारखान्यांवर अवलंबून राहणे पुरेसे नाही असे लक्षात आल्यावर 1853 पासून त्यांनी वाल्दोक्कोमध्येच चांभारकाम आणि शिंपीकाम सुरू केले; पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम आले. 1859 मध्ये सहकाऱ्यांचा संघ स्थापन झाला, तोच आजचा सालेशियन संघ. 1888 मध्ये बॉस्को वारले, 1934 मध्ये त्यांना संतपद मिळाले. संघाचे धर्मगुरू 1906 मध्ये भारतात, तंजावरला आले आणि काही वर्षांनी मुंबईतही. माटुंग्याची शाळा सर्वांना ठाऊक असते. वडाळ्याला याच संघाचे रस्त्यावरच्या मुलांसाठी चालणारे निवारा केंद्र आहे, त्याची माहिती फार कमी लोकांना असते. घर सोडून गाडीने मुंबईत उतरलेल्या मुलाला फलाटावर कोणीतरी वेळेत गाठावे, त्याला आंघोळ, जेवण आणि झोपायला जागा मिळावी, त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा आणि घरी जाणे शक्य नसेल तर त्याच्या हाताला कसब द्यावे, असे हे काम आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना वडाळ्याला जाऊन ते पाहायचे असेल त्यांनी मला जरूर भेटावे. आपण एकत्र जाऊ.