राजीनाम्याला रोजनामा नसतो

(परळमध्ये कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

मघाशी ताईंनी विचारलं, "कामावरून काढण्याआधी कंपनीने चार्जशीट दिली, साक्षीदार आले, चौकशी झाली. मग अन्याय कुठे?" ताई, रोजनामा बघा. खातेनिहाय, म्हणजे कंपनीने स्वतःच घेतलेल्या चौकशीत रोज काय झालं, ते त्यात लिहितात. माझ्याकडे असा एक आला होता. सुरुवात सकाळी 11, समाप्ती 11 वाजून 20 मिनिटं. तेवढ्यात तीन साक्षीदार उरकले, मध्ये चहासुद्धा! उलटतपासणीखाली एकच ओळ, 'कामगारास काही विचारायचे नाही.' आणि प्रत्येक पानावर कामगाराची सही. का केलीस? "साहेब म्हणाले, कर." सहीवर 'आक्षेपासह' एवढं लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

चूक माझीही झालीय. वकिलीच्या सुरुवातीला मी एकाला सांगितलं, चौकशी बोगस आहे, उठून ये. तो आला. त्यांनी एकतर्फी उरकली, आणि कोर्टात आम्हालाच विचारलं, संधी होती ती का सोडलीत? तेव्हा बसून राहायचं, आक्षेप लेखी द्यायचा.

आणि पार्ट-वन, म्हणजे चौकशी योग्य झाली का याचा कोर्टातला पहिला निकाल, जिंकलात म्हणून पेढे वाटू नका. चौकशी सदोष ठरली, तरी मालकाने वेळेत मागणी केली तर गैरवर्तन कोर्टात नव्याने सिद्ध करायची संधी त्याला मिळते. हे जुनंच आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या 1973 च्या फायरस्टोन निकालानेही ते कायम ठेवलं.

पण मुंबईत आता चार्जशीट देतो कोण? एचआरच्या खोलीत बोलावतात, मोबाईल बाहेर ठेवायला लावतात, टाईप केलेला राजीनामा पुढे सरकवतात. "सही कर, फुल अँड फायनल हिशेब लगेच. नाहीतर टर्मिनेट करतो, मग दुसरीकडे नोकरी शोधून बघ." मालकाने करार मोडला म्हणून माणूस नोकरी सोडून गेला, तर इंग्लंडचा कायदा त्याला बडतर्फीच धरतो. आपल्याकडे मात्र सही दबावाखाली केली हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, आणि त्या खोलीतल्या बोलण्याचा रोजनामा कोणी लिहीत नाही.

तो तुम्ही लिहा. त्याच संध्याकाळी, लोकलमध्ये बसल्या बसल्या ईमेल टाका: खोलीत कोण होतं, किती वाजता, काय म्हणाले, राजीनामा मागे घेतोय, उद्या कामावर येतोय. दोन महिन्यांनी पाठवलेल्या पत्राला समोरचे 'वकिलाने शिकवलेलं' म्हणतात. बहुतेक वेळा ते खरंही असतं!

मग दुसऱ्या दिवशी खरंच गेटवर जा. वॉचमनने अडवलं, तर तेही लिहून कळवा. गेटवर अडवायचं आणि वर 'स्वतःच काम सोडलं' म्हणायचं, हा जुना डाव आहे. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. आठ दिवसांहून जास्त गैरहजर, म्हणून स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांप्रमाणे, नोकरी आपोआप संपली, असं कंपनी म्हणत होती. कामगार म्हणत होता, मी रोज येत होतो, आतच घेत नव्हते. चौकशी झालीच नव्हती. बाजू ऐकल्याशिवाय पोट मारता येणार नाही, असं ठरवून न्यायालयाने त्याला निम्म्या मागील वेतनासह कामावर परत घ्यायला लावलं.