चाक वर, काच खाली

मघाशी तो चाकाने कोरलेला काचेचा पेला तुमच्यात फिरवला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक ताई त्यावरच्या चेहऱ्याच्या नाकावरून बोट फिरवून दचकल्या. साहजिक आहे. डोळ्यांना नाक पुढे आलेलं दिसतं आणि बोट मात्र खड्ड्यात जातं. घासलेल्या काचेवर प्रकाश विखुरतो, ती पांढुरकी दिसते आणि डोळा त्या खड्ड्यालाच उठाव समजतो. त्यामुळे आम्हा काच कोरणाऱ्यांचा सगळा हिशोब उलटा. जे जवळ दिसायला हवं ते जास्त खोल कोरायचं. छातीवर हात ठेवलेला माणूस काढायचा, तर हात छातीपेक्षा खोल. मला हे अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

आता चाक. चाक म्हणजे तांब्याची चकती. काही टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही तळहाताएवढ्या. कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मोजपट्टीवर तांबं 3, काच साधारण साडेपाच. मग मऊ तांबं काचेला कापतं कसं? कापतच नाही. चकतीच्या कडेला तेलात कालवलेली कुरुंद या कठीण दगडाची पूड लावतात. तिचे कण तांब्यात रुततात आणि काचेला खातात ते तेच, कारण कुरुंद 9 वर आहे. तांबं मऊ म्हणून तर कण धरून ठेवतं. (या दगडाचा इंग्रजी शब्द ‘कोरंडम’ही तमिळ ‘कुरुंदम्’वरूनच गेलेला, हे जाता जाता.)

चाक जागच्या जागी फिरतं. काच दोन्ही हातांत धरून, कोपर गादीवर टेकून, ती खालून चाकाला लावायची. म्हणजे काम जिथे चाललंय नेमकी तीच जागा चकती आणि काळपट तेलाच्या आड! अंगठ्याने तेल पुसायचं, बघायचं, पुन्हा लावायचं. मधल्या वेळात भरवसा बोटांवर आणि कानांवर. दाब बरोबर असला की एकसारखी बारीक कुरकुर येते. ती तुटली की हात थांबवायचा. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही, आजूबाजूचं सगळं आणखी खोल न्यावं लागतं.

एकदा एका वाडग्यावर नऊ दिवस काम केलं होतं, चार पानं उरली होती. टक्क आवाज झाला आणि काठापासून बुडापर्यंत चीर गेली. हात चुकला नव्हता. भट्टीतून काढल्यावर ती काच सावकाश निववलेली नव्हती, ताण आत तसाच कोंडलेला होता. तेव्हापासून मी प्रत्येक काच आधी एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलराइझिंग फिल्टरांच्या, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये धरून बघतो. ताण असला की अंधारात उजळ डाग उमटतात.

चाकाने काच रोमन काळातही कोरत. पण आपण ज्या परंपरेत बसतो ती प्रागची. सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या पदरी कास्पार लेहमन हा रत्नं कोरणारा होता. त्याने तीच चाकं काचेला लावली आणि 1609 साली त्याला या कामाची खास सनद मिळाली. व्हेनिसची काच तेव्हा नावाजलेली, पण पातळ. तिच्यावर हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढाव्यात, खोल जायला वावच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्राग ज्यात येतं त्या बोहेमियात पोटॅश (लाकडाच्या राखेतला क्षार) आणि चुना घालून जाड, नितळ काच होऊ लागली आणि मग कोरणाऱ्यांचे हात मोकळे सुटले. त्या भट्टीवाल्यांचं नाव कुणी घेत नाही, हे मला नेहमी खटकतं.

आणि काच हातात मावतच नसेल तर? इंग्लंडात कॉव्हेंट्रीचं नवं कॅथेड्रल 1962 साली खुलं झालं. तिथल्या प्रचंड काचभिंतीसाठी जॉन हटनने संत आणि देवदूत कोरले, माणसाहून मोठ्या 66 आकृती. इतके मोठे काचपट चाकाखाली कोण धरणार? त्याने लवचीक शाफ्टच्या, म्हणजे वाकणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, टोकाला घासायचं चाक लावलं आणि चाकच हातात घेऊन काचेवर चालवलं. आपण काय करतोय ते त्याला समोर दिसत होतं. म्हणूनच त्याच्या देवदूतांच्या अंगावर हाताचा झटका जसाच्या तसा राहिलाय: भरभरीत, उघडा. पेल्यावरचं हे गुळगुळीत नाक त्याने केलंच नसतं.