तारखेचा पैसा

अध्यक्ष महाराज, आणि भर पावसात वेळ काढून आलेल्या माझ्या डिचोली-सत्तरीच्या बंधू-भगिनींनो,

गरीब कुटुंबाच्या हातात थेट रोख मदत आली की त्याचे जगणे कसे बदलते, हा आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. बँकेच्या ग्रामीण शाखेच्या खिडकीमागे माझी सारी नोकरी झाली, आणि तिथे बसून जे एकच एक मनाशी पक्के झाले ते कोणापुढे तरी नीट मांडावे, अशी फार दिवसांची इच्छा होती. अशा मदतीची चर्चा निघाली की आपण रक्कम किती एवढेच विचारतो. ती कोणत्या तारखेला येते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते अर्धे उत्तर त्या तारखेत आहे.

गोव्याला हा विषय नवा नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाने चालणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना वृद्ध, एकल महिला आणि दिव्यांग यांना दरमहा पैसे देते. 2012 मध्ये गृहिणींना दरमहा मदत देणारी गृह आधार योजना आली. तिची रक्कम सुरुवातीला महिना 1,000 रुपये होती, पुढे ती 1,500 झाली. शेतकऱ्याला केंद्राकडून वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. या सभागृहात असे घर क्वचितच असेल ज्याच्या एखाद्या पासबुकात यांपैकी एखादी नोंद नाही. म्हणून योजनांची माहिती सांगण्यात वेळ न घालवता मी एका पासबुकाची हकिगत सांगतो. बाईंचे, गावाचे आणि योजनेचे नाव मी मुद्दाम घेत नाही.

सत्तरीतल्या डोंगरउतारावरचे त्यांचे घर. नवरा मजुरीला जाणारा, दोन मुले, थोडी काजूची झाडे. आपल्याकडे अशा घराचे वर्ष कसे जाते ते तुम्हांला ठाऊक आहे. फाल्गुन ते वैशाख काजूचा हंगाम, त्यात चार पैसे दिसतात. मग पाऊस लागतो, मजुरी थांबते, आणि ज्येष्ठ-आषाढात गावच्या दुकानदाराची उधारीची वही उघडते. तांदूळ, तेल, साखर त्या वहीवर येते. मात्र वही फुकट चालत नाही. पुढच्या हंगामाची काजूची बी त्याच दुकानात घालायची, आणि दर आजच ठरवायचा, अशी तिची अट असते. झाडाला मोहर यायच्या कितीतरी आधी बी विकलेली असते, आणि तीही बाजारभावापेक्षा खूप खाली. दुकानदाराला मी दुष्ट म्हणत नाही. परत येण्याची खात्री नसलेल्या पैशाला जगात कुठेही तारण मागतात.

या बाईंना दरमहा मदत सुरू झाली. रक्कम चार आकडी होती आणि पहिली दोन वर्षे महिन्याच्या ठरावीक आठवड्यात ती न चुकता येत असे. त्या दर महिन्याला पासबुक घेऊन खिडकीशी यायच्या. पासबुक दुधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. अक्षर वाचता येत नव्हते, पण नोंद छापून झाली की त्या बोट ठेवून चार आकडे मोजायच्या आणि मगच पासबुक पुन्हा पिशवीत जायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला सांगितले की यंदा बी आपणच वाळपईच्या बाजारात नेऊन विकली. मी विचारले, दुकानदाराने वहीवर माल दिला कसा? त्या म्हणाल्या, त्यालाही आता माझी तारीख ठाऊक आहे. या एका वाक्याने मला जे शिकवले ते बँकेच्या कोणत्याही प्रशिक्षणात शिकायला मिळाले नव्हते. मदतीने त्यांना पैसे मिळाले हे खरेच, पण त्याहून मोठे असे की गावात त्यांची पत निर्माण झाली. जी पत आम्ही पगारपत्रक पाहून देतो, ती त्या दुकानदाराने एका तारखेच्या भरवशावर दिली. त्या वर्षी पावसापूर्वी कौले चाळून झाली आणि चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचे, सामान विकायला बसताना त्यांची टोपली स्वतःच्या पैशाने भरलेली होती.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये पैसे आले नाहीत. जुलैमध्येही नाहीत. दर सोमवारी बाई यायच्या, “बाब, पयशे आयले?” असे विचारायच्या, आणि मी यंत्रातून कोरेच बाहेर आलेले पासबुक परत द्यायचो. आमच्याकडून त्यांना संबंधित कार्यालयात पाठवले, कार्यालयाने पंचायतीत, पंचायतीने पुन्हा आमच्याकडे. प्रत्येक फेरी म्हणजे बसचे भाडे आणि एका दिवसाचा रोज. चौथ्या महिन्याच्या शेवटी उलगडा झाला. मुलाने मधल्या काळात दुसऱ्या एका बँकेत आईचे खाते उघडले होते आणि तिथे आधार क्रमांक जोडला होता. आधारावरून जाणारे पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होतात. चारही हप्ते तिथे बिनचूक जमा होत होते. ज्यांचे ते होते त्यांना सांगायला मात्र साऱ्या व्यवस्थेत एकही माणूस नेमलेला नव्हता. मला तरी जुलैमध्येच हे सुचायला हवे होते. त्याची खंत आजही आहे.

हिशेबाने पाहिले तर बाईंचा एक पैसाही बुडाला नाही. चार हप्ते एकदम हातात आले. पण ते येईपर्यंत चतुर्थी होऊन गेली होती, आणि ऑगस्टमध्येच पुढच्या हंगामाची सगळी बी जुन्या अटीवर वहीत लिहिली गेली होती. उधारी रोख फेडते, बी सोडा, असे त्यांनी विनवले, तेव्हा दुकानदार म्हणाला, दर ठरला आहे. रक्कम तीच, खातेदार तीच, योजना तीच, तरीही घर दोन वर्षे मागे गेले. हरवली होती ती फक्त तारीख.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा रोख मदतीबद्दल इतरत्र मिळालेले पुरावे थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात 2011 मध्ये सेवा या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांतील प्रत्येक माणसाला, कोणतीही अट न घालता, दरमहा रोख पैसे दिले. मोठ्याला 200 आणि मुलाला 100 रुपये, पुढे 300 आणि 150. ज्या गावांना पैसे मिळाले नाहीत त्यांच्याशी तुलना केली तेव्हा दिसले की ताटातले अन्न सुधारले, मुलांची शाळेतली हजेरी वाढली, आणि माणसे दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या शेताकडे वळली. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हे तिथे दिसले नाही.

केनियात 2011 च्या सुमारास झालेला प्रयोग तर माझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. तिथे काही कुटुंबांना पैसे एकरकमी दिले आणि काहींना महिन्याच्या हप्त्याने. हप्त्यांनी प्रामुख्याने पोटाची काळजी हलकी केली, तर एकरकमी पैशातून टिकाऊ वस्तू उभ्या राहिल्या. गवती छप्पर जाऊन पत्रा आला, आणि त्याबरोबर दरवर्षीच्या शाकारणीचा खर्चही गेला. त्याच देशात पुढे सियाया परगण्यातील 653 गावांत, दहा हजारांवर कुटुंबांना सुमारे हजार डॉलर देऊन पाहिले. ज्यांना काहीच मिळाले नव्हते अशा शेजाऱ्यांचीही कमाई त्यामुळे वाढली, आणि महागाई मात्र नाममात्र वाढली.

पैसे दारूत जातील, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो, म्हणून तेही सांगतो. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांतील 19 अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असे त्यांना आढळले नाही.

आता माझी मागणी, आणि ती रक्कम वाढवण्याची नाही. प्रत्येक पंचायतीच्या फलकावर पुढच्या हप्त्याची तारीख खडूने लिहिलेली असावी. हप्ता जमा झाला की तो कोणत्या बँकेत झाला, हे त्याच फलकाशेजारी बसलेल्या माणसाला सांगता यावे. आणि हप्ता चुकला तर कारण शोधत फिरण्याचे काम त्या बाईचे नसावे, देणाऱ्याचे असावे. श्रावण तोंडावर आला आहे. माटोळीसाठी रानात जाणाऱ्या बायका थोड्याच दिवसांत बसभाड्याचा हिशेब मांडू लागतील. निदान या महिन्याची तारीख तरी उद्या सकाळी आपल्या पंचायतीच्या फलकावर लिहावी, ही इथे बसलेल्या पंच-सदस्यांना माझी हात जोडून विनंती आहे.