दातांच्या तारा आणि डॉक्टर डॉब

नमस्कार मंडळी! आज कॉम्प्युटरच्या एका मासिकाबद्दल बोलायचंय, नाव ऐकलंत तर वाटेल दातांच्या दवाखान्यात पडलेलं असणार. डॉक्टर डॉब्ज जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडॉन्शिया. कवायत काय, दातांच्या तारा काय! आणि डॉब नावाचा डॉक्टर कुठे नव्हताच बरं का, डेनिस अ‍ॅलिसन आणि बॉब अल्ब्रेक्ट, या दोन कॉम्प्युटरवाल्यांची नावं कालवली आणि झाला डॉब. खाली लिहिलेलं, रनिंग लाइट विदाउट ओव्हरबाइट. पुढं आलेल्या दातांना इंग्रजीत ओव्हरबाइट म्हणतात आणि बाइट हे मेमरीचं माप, म्हणून हा सगळा दातांचा खेळ.

तर झालं असं, 1975 ला अमेरिकेत अल्टेअर 8800 नावाचं कॉम्प्युटरचं किट आलं, घरी बसून सोल्डर करायचं, आणि त्यात मुळात मेमरी किती, तर 256 बाइट! माझं आत्ताचं नमस्कार-चमत्कारसुद्धा त्यात मावायचं नाही. मग अ‍ॅलिसननी दोन-तीन हजार बाइटमध्ये बसेल अशी चिमुकली बेसिक, म्हणजे प्रोग्राम लिहायची सोपी भाषा, कशी बनवायची ते लिहिलं, लोकांनी खरंच बनवून कोड पाठवला, आणि कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या अल्ब्रेक्टच्या मंडळींनी म्हटलं चला, याचे तीन अंक काढू. फक्त तीन. जानेवारी 1976 ला पहिला निघाला, जिम वॉरन संपादक, आणि मागणी एवढी की थांबताच येईना.

आता गंमत बघा, प्रोग्राम कागदावर छापलेला. समोर अंक उघडा ठेवायचा, बोट ओळीवर, आणि एकेक आकडा मशीनमध्ये घालायचा, कुणाकुणाला तर स्विच वर-खाली करून, एक चुकला की बसा शोधत. त्याच वर्षी बिल गेट्स कॉम्प्युटरच्या छंदिष्टांना पत्र लिहून ओरडत होते की आमची बेसिक फुकट कॉपी करताय, आणि इकडे ली-चेन वांगनी आपल्या टायनी बेसिकवर काय लिहावं? कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड! म्हणजे कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्ह्डची अगदी उलटी थट्टा. मला तर हे भारीच आवडतं.

पुढे 1980 ला रॉन केनचा स्मॉल-सी कंपायलर आला, म्हणजे सी भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, त्याचा अख्खा सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्राम) छापलेला, 1991 ला जोलिट्झ दांपत्यानी इंटेलच्या 386 चिपवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी आणायची याची लेखमालाच सुरू केली. 2009 ला छापील मासिक बंद झालं, नुसतं ऑनलाइन उरलं, आणि डिसेंबर 2014 मध्ये तेही थांबवतोय म्हणून संपादकांनी कळवलं. वाचक होते हो भरपूर, जाहिराती आटल्या.